मल्हारचा आवाज: घोड्याच्या स्वरयंत्रावरील एका शस्त्रक्रियेचं प्रकरण

ऑक्टोबरमधल्या पहिल्या भेटीत मी मल्हारला पागेत उभा असताना तपासलं आणि ‘घोडा ठणठणीत आहे’ असं सांगून निघून आले. ताप नव्हता, नाक कोरडं, जबड्याखाली गाठी नाहीत, छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, मिनिटाला बारा श्वास. तपासलं ते सगळं बरोबरच होतं. पण काका ‘पळताना घोरतो’ असं सांगत होते आणि मी त्याला पळताना पाहिलंच नव्हतं. या चुकीत घोड्याचे तीन महिने गेले. म्हणून ती आधी लिहिते. वरच्या श्वसनमार्गाचे कितीतरी आजार उभ्या घोड्यात काहीच दाखवत नाहीत.

मल्हार म्हणजे इंदूरच्या बायपासपलीकडल्या एका छोट्या घोडेस्वारी शाळेतला नऊ वर्षांचा खच्ची केलेला थोरोब्रेड. कुमाईत रंग, कपाळावर चांदणी, उंची सोळा हँडच्या वर, म्हणजे खांद्यापाशी ६४ इंचांहून जास्त, वजन साधारण ४८० किलो. आधी शर्यतीत पळालेला, पाचव्या वर्षी तिथून निघून इथे आला. शाळेत एकूण आठ घोडे. शाळा चालवणाऱ्या गृहस्थांना सगळेच काका म्हणतात, आणि घोड्यांचं खाणं-पिणं, खरारा, नाल, आजारपण पाहणाऱ्या मोतद्दारांना मामा. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं या दोघांच्या हाताखाली लगाम धरायला शिकली आहेत.

माझ्याआधी वर्षभर मल्हारवर दम्याचे उपचार झाले होते. सूज उतरवणाऱ्या सुया, दोनदा प्रतिजैविकांचा कोर्स, वाफ, आणि कुणी सुचवलं म्हणून चंदीत आलं-हळद. कशाचाच उपयोग झाला नव्हता. उपचार करणाऱ्यांनीही घोडा उभाच पाहिला होता, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

जानेवारीत मामांचा फोन आला. काकांनी करायला सांगितला नव्हता, त्यांनी स्वतःहून केला. म्हणाले, “डॉक्टरताई, घोरण्याचं राहू द्या. त्याचं खिंकाळणं बदललंय. आधी चंदीची बादली वाजली की अख्खी पागा दणाणायची. आता आवाज फाटतो, मधेच तुटतो. माणसाचा घसा बसावा तसा, पण बसलाय तो बसलाच.”

घोड्याचा आवाज बदलणं म्हणजे स्वरयंत्र बिघडल्याची खूण. वर्षभर आम्ही सगळे फुफ्फुसांकडे पाहत होतो आणि मामा घशाकडे बोट दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मैदानावर पोचले. त्या दिवशीची थंडी माझ्या फार कामी आली. काकांनी मल्हारला लांब दोरीवर गोल फिरवायला घेतलं. आधी चालणं, मग दुडकी, मग कँटर, म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल. श्वास सोडला की नाकपुड्यांतून वाफेचे दोन झोत निघत. दुडकीत आवाज नव्हता. कँटरच्या तिसऱ्या फेरीला सुरू झाला, ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा, खरखरीत आणि लांब. आणि तो वाफेबरोबर येत नव्हता. वाफ विरली, पुढचा श्वास आत जायला लागला, की यायचा. फुफ्फुसाच्या जुनाट दम्यात घोड्याला श्वास बाहेर टाकताना कष्ट पडतात. इथे हवा आत जाताना अडत होती. मी फोन म्होरकीच्या गालपट्टीला बांधला आणि दोन मिनिटांचा आवाज टिपून घेतला. ते ध्वनिमुद्रण पुढे फार उपयोगी पडलं.

एका गोष्टीमुळे घोड्याच्या घशाचं दुखणं माणसाच्या दुखण्याहून वेगळं होतं. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा मऊ टाळू लांब असतो आणि कंठच्छदाखाली, म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडावरच्या झाकणाखाली, इतका घट्ट बसतो की तोंड आणि श्वासनलिका यांचा संबंधच तुटतो. धाप लागली म्हणून आपण तोंड उघडतो, तशी सोय त्याला नाही. उभा असताना तो मिनिटाला दहा-पंधरा श्वास घेतो, दर श्वासाला साधारण पाच लिटर हवा. भरधाव पळताना हे श्वास १२० च्या घरात जातात आणि मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा फिरते, तीही फक्त नाकातून आणि स्वरयंत्राच्या त्या एका दारातून. शिवाय कँटरपासून पुढे त्याचा श्वास टापांना बांधलेला असतो. एक झेप, एक श्वास. दार अरुंद झालं तर सवडीने जास्त श्वास घेण्याची मुभाही त्याच्याकडे नसते. नळीचा व्यास निम्मा झाला की हवेला होणारा विरोध हिशेबाने सोळापट होतो, आणि वेगाच्या खळबळत्या हवेत त्याहूनही अधिक.

या दाराला दोन फळ्या असतात. ॲरिटेनॉइड नावाच्या दोन कूर्चा, एक डावीकडे, एक उजवीकडे. श्वास घेताना त्या बाजूला सरकतात, घास गिळताना मिटतात. मागच्या बाजूचा एक लहानसा स्नायू फळी उघडतो आणि त्या स्नायूला आज्ञा देणारी नस मेंदूकडून येते. डावी नस घशाजवळून सरळ खाली छातीत उतरते, हृदयाच्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा मानेतून वर चढून स्वरयंत्रापाशी येते. उंच घोड्यात हा फेरा दोन मीटरहून मोठा असतो. इतक्या लांब नसेचं टोक हळूहळू निकामी होत जातं, स्नायू सुकतो आणि डावी फळी दारात लोंबकळत राहते. उजव्या नसेचा वळसा आखूड असतो, म्हणून हा आजार जवळजवळ नेहमी डावीकडचाच. लहान चणीच्या तट्टांत तो क्वचित दिसतो. होळकरांच्या सैन्यात होती तशी भीमथडी तट्टं या दुखण्यापासून बरीचशी सुरक्षित असणार. आपण उंच, वेगवान घोडा निवडून पैदास केली आणि त्या उंचीबरोबर हे दुखणंही आलं.

मैदानावरून पागेत येऊन मी दोन्ही हातांची बोटं मल्हारच्या जबड्यामागे, स्वरयंत्राच्या वरच्या अंगाला टेकवली. उजवीकडे मांसल लागलं. डावीकडे कूर्चेचं टोक थेट बोटाला टोचलं, त्यावरचा स्नायू जवळपास उरलाच नव्हता. मामांनाही बोट लावायला सांगितलं. बराच वेळ चाचपून ते म्हणाले, “इथे तर हाडच आहे.” ही तपासणी मी ऑक्टोबरमध्ये करू शकले असते. तिला ना यंत्र लागतं, ना पैसा.

दुर्बीण आणली माझ्या महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या वर्गमित्राने. गुंगीचं औषध मुद्दाम दिलं नाही, कारण गुंगीत स्वरयंत्र ढिलं पडतं आणि निदान चुकतं. मामांनी वरच्या ओठाला काठीदोरीचा पीळ दिला, काकांनी मान धरली आणि मित्राने उजव्या नाकपुडीच्या तळातून नळी आत सरकवली. पडद्यावर गुलाबी पोकळी, मग त्रिकोणी कंठच्छद, मग दार. उजवी फळी श्वासागणिक सरकत होती. डावी नव्हती. नळीतून थोडं पाणी सोडून त्याला गिळायला लावलं, त्यानंतर दार सर्वांत जास्त उघडतं. उजवी पूर्ण बाजूला गेली, डावी जागची हलली नाही. मग दोन्ही नाकपुड्या तळहातांनी दाबून धरल्या. हवेसाठी धडपडणाऱ्या घोड्याची डावी फळी तेव्हाही तशीच, आणि तिच्याखालची स्वररज्जू सैल दोरीसारखी लोंबत होती. विश्रांतीच्या स्थितीत स्वरयंत्राची हालचाल चार श्रेणींत मोजतात. ही चौथी, पूर्ण लुळेपणाची. तिसऱ्या श्रेणीत घोडा पळवत असताना दुर्बिणीतून पाहावं लागतं, कारण विश्रांतीत अर्धवट हलणारी फळी पळताना टिकते की कोसळते हे उभ्या घोड्यावरून सांगता येत नाही. चौथीत तो प्रश्नच उरत नाही.

नस दुसऱ्या कशाने गेली असेल तर आधी ते कारण शोधायला हवं. मानेच्या शिरेत द्यायची सुई शिरेबाहेर गेली, विशेषतः फेनिलब्युटाझोनसारखं जळजळीत औषध बाहेर सांडलं, तर शेजारची नस भाजून निघते. घशामागच्या हवेच्या पिशवीत पू किंवा बुरशी झाली तरी तिथून जाणाऱ्या नसांना इजा होते. कीटकनाशकाच्या विषबाधेत अनेकदा दोन्ही बाजू जातात. मल्हारच्या मानेवर गाठ किंवा व्रण नव्हता, दोन्ही पिशव्या दुर्बिणीतून स्वच्छ दिसल्या आणि बिघाड एकाच बाजूचा, डावीकडचा. म्हणजे हा नेहमीचाच, उंच घोड्यांचा. हाच बिघाड उजवीकडे असता तर मी आधी मानेवरच्या सुयांचा इतिहास खोदून काढला असता.

त्याच दिवशी चहा पिताना काकांनी फोनवरचा एक व्हिडिओ दाखवला. परदेशातल्या एका शर्यतीच्या घोड्यावर ‘टाय-बॅक’ नावाची शस्त्रक्रिया झाली होती आणि तो पुन्हा जिंकला होता. काका म्हणाले, “डॉक्टर, हेच करू. खर्चाचं मी बघतो.”

मी त्यांना एक कागद दिला आणि मल्हार आठवडाभर काय काम करतो ते लिहायला सांगितलं. त्यांना ते चमत्कारिक वाटलं असावं, पण लिहिलं. सोमवार ते शनिवार सकाळी दोन तुकड्या, नवशिकी मुलं, चालणं आणि दुडकी, शेवटची दहा मिनिटं हळू कँटर. रविवारी मोठ्या मुलांना घेऊन ऐंशी सेंटिमीटरच्या उड्या. वर्षातून दोनदा स्थानिक स्पर्धा. भरधाव कधीच नाही. मग विचारलं, नेमकी अडचण कुठे होते? काका म्हणाले, आवाजाची. कँटरला करवत सुरू झाली की कुंपणाशी उभे असलेले आई-बाप घाबरतात, ‘या आजारी घोड्यावर आमच्या मुलीला नका बसवू’ म्हणतात. दम लागण्याचं विचारलं तेव्हा थोडं थांबून म्हणाले, रविवारी तिसऱ्या फेरीला तो स्वतःच मंदावतो.

म्हणजे तक्रारी दोन होत्या. एक आवाजाची, एक हवेची. या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि घोडेवाले आणि डॉक्टर मिळून सर्वांत जास्त गोंधळ घालतात तो इथेच.

टाय-बॅक हा हवेचा उपाय. १९७० मध्ये अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी तो मांडला. जबड्यामागून छेद घेऊन लुळ्या फळीचं मागचं टोक न विरघळणाऱ्या जाड धाग्याने मागच्या कड्यासारख्या कूर्चेला बांधतात, म्हणजे जो स्नायू सुकला त्याचं काम धागा करतो. दार डावीकडून कायमचं उघडं राहतं. शर्यतीच्या घोड्याला, पोलोच्या घोड्याला याला तोड नाही, कारण त्याला दर सेकंदाला लागणारी हवा दुसऱ्या कशाने मिळत नाही. पण कायमचं उघडं राहिलेलं दार घास गिळतानाही मिटत नाही. दाणे, धूळ, पाणी श्वासनलिकेत जाऊ लागतं. काही घोडे आयुष्यभर खोकतात, काहींना त्यातून न्यूमोनिया होतो. धागा पहिल्या काही आठवड्यांत थोडा ढिला पडणं तर नेहमीचंच. आपल्या माळव्यात घोड्यापुढे पडतो तो गव्हाचा भुसा आणि धुळीने भरलेलं गवत. स्वच्छ गवताच्या देशांतले आकडे इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. शिवाय ही शस्त्रक्रिया पारंपरिक पद्धतीने पूर्ण भूल देऊन, घोडा आडवा पाडून करतात. पोटशूळाचे घोडे वगळले तरी भुलीमुळे दगावणाऱ्यांचं प्रमाण जुन्या मोठ्या पाहणीत शंभरात एकाच्या आसपास होतं, आणि त्यातले कित्येक भुलीतून उठताना पाय मोडून जातात. गादीच्या भिंतींची खोली आमच्याकडे नव्हती.

दुसरा उपाय आवाजाचा. स्वररज्जूच्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. हवा आत ओढताना ती भरते, सैल स्वररज्जू फडफडते आणि करवत वाजते. पिशवीचं अस्तर काढलं आणि स्वररज्जूची कड छाटली की बरं होताना तिथे घट्ट व्रण तयार होतो आणि फडफड थांबते. अस्तर काढण्याची पद्धत अमेरिकेत कॉर्नेलच्या विल्यम्स यांनी घडवली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये सर फ्रेडरिक हॉबडे यांनी तिचा इतका प्रसार केला की आजही घोडेवाले तिला ‘हॉबडे’ म्हणतात. आवाज घटवण्यात ती टाय-बॅकपेक्षा सरस आहे, हवा वाढवण्यात बरीच कमी. फळी जागीच राहते, त्यामुळे गिळण्याला धक्का लागत नाही. ती उभ्या घोड्यावर, गुंगी आणि स्थानिक बधिरता देऊन करता येते. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुढे गरज पडली तर टाय-बॅकचा मार्ग खुला राहतो. आधी टाय-बॅक करून घास फुफ्फुसात जाऊ लागला तर धागा सोडवायला दुसऱ्यांदा उघडावं लागतं, आणि तरीही सगळं पूर्ववत होईलच असं नाही.

काकांना हे पटायला वेळ लागला. “अर्धाच इलाज करायचा का मग?” हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, मल्हार उद्या पोलो खेळणार असता तर मी स्वतः त्याला भुलीची नीट सोय असलेल्या ठिकाणी पाठवलं असतं. पण त्याच्या कागदावर भरधाव हा शब्दच नाही. रविवारच्या उड्या साठ सेंटिमीटरवर आणा, तिसरी फेरी दुसऱ्या घोड्याला द्या, आवाजाचं मी बघते. ते रात्रभर विचार करून सकाळी हो म्हणाले.

शस्त्रक्रिया फेब्रुवारीच्या मध्यावर ठरवली. थंडी उतरायच्या आधी, माश्या वाढायच्या आधी. धनुर्वाताची लस आधीच देऊन ठेवली, घोडा या बाबतीत फार नाजूक असतो. आदल्या रात्रीपासून वैरण बंद. सकाळी सातला खोड्यात उभा केला, गुंगीसाठी झायलाझिन आणि ब्युटॉर्फॅनॉल दिलं. दहा मिनिटांत खालचा ओठ लोंबला आणि मान खाली आली. मामांनी ती खांद्यावर तोलून समोर ताणून धरली आणि पुढचा पाऊण तास तशीच धरून ठेवली. गळ्याचे केस काढून, धुऊन, मध्यरेषेवर बधिर करणारं लिग्नोकेन दिलं.

छेद मध्यरेषेवरच, साधारण नऊ सेंटिमीटर. गळ्याच्या पुढचे पट्ट्यासारखे दोन स्नायू मधोमध वेगळे होतात, त्यांना कापावं लागत नाही. खाली बोटाला दोन कूर्चांमधला मऊ त्रिकोणी पडदा लागतो. तिथे पातं आत गेलं की पहिला श्वास त्या छिद्रातून बाहेर येतो. कितीदा केलं तरी तो क्षण वेगळाच असतो. मनगटावर गरम, ओलसर फुंकर, आणि समोर घोड्याचं उघडं स्वरयंत्र. आत लिग्नोकेन फवारलं. बोट घालून डावीकडची पिशवी शोधली, तिचं तोंड स्वररज्जूच्या जरा पुढे असतं. पिशवीत काटेरी टोकाचं हत्यार घालून फिरवलं की अस्तर त्याला गुंडाळतं, मग हळूच बाहेर ओढायचं. मोजा उलटा करावा तसं ते बाहेर येतं, गुलाबी आणि चकचकीत. ते मुळाशी कापलं आणि स्वररज्जूची चंद्रकोरीसारखी कड छाटली. खालच्या टोकाला थोडी जागा मुद्दाम सोडली, म्हणजे व्रण भरताना दार आवळलं जात नाही. उजवीकडे हात लावला नाही, ती बाजू नीट काम करत होती.

रक्त आलं, येतंच. दाबायच्या प्रत्येक गॉजच्या बोळ्याला हातभर धागा बांधलेला होता आणि धाग्याचं टोक चिमट्याने बाहेर अडकवलेलं. मल्हार मधेच खोकला तेव्हा एक बोळा आत ओढला गेला आणि धाग्याने परत आला. धागा नसता तर तो फुफ्फुसात असता. खोकल्यासरशी माझा चष्मा आणि मामांचा सदरा लाल झाला. मामांनी मान सोडली नाही.

जखम शिवली नाही. आतून बाहेर भरत यावी म्हणून ती उघडीच ठेवतात. गोठ्याच्या खुंटीला श्वासनलिकेत घालायची नळी, पातं आणि दिवा एका पिशवीत टांगून ठेवले. आतली सूज वाढून वरचं दार बंद झालं तर गळ्यात खाली नवीन छिद्र करायला काही मिनिटांचाच अवधी असतो. ४८ तास कुणीतरी तिथे झोपायचं ठरलं. अर्थातच मामा झोपले.

पहिल्या रात्री दोनला फोन आला, “गळ्यातून शिट्टी वाजतेय.” मी खजराण्याहून गाडी काढली. पोचले तर मल्हार उभा, डोळे शांत, नाकपुड्या सैल. जखमेच्या कडांवर वाळलेलं रक्त साचून छिद्र बारीक झालं होतं आणि हवा शीळ घालत होती. कोमट सलाइनने पुसलं, शिट्टी थांबली. मामांना वाटलं त्यांनी उगाच उठवलं. असल्या रात्री उगाच केलेला फोन नसतोच, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं.

पेनिसिलिन पाच दिवस, सूज-वेदनेवरचं फ्लुनिक्सिन किलोला १.१ मिलिग्रॅम या हिशेबाने तीन दिवस, जखमेची सफाई दिवसातून दोनदा. चंदी भिजवलेली, गवत पाण्यात बुडवून काढलेलं, सगळं जमिनीवर ठेवायचं, म्हणजे मान खाली राहते आणि स्राव आत न जाता बाहेर पडतो. सहाव्या दिवशी एक चूक झाली. जखमेखाली व्हॅसलीन लावायचं राहून गेलं आणि स्रावाने तळहाताएवढी कातडी सोलवटली. ते बरं व्हायला जखमेपेक्षा जास्त दिवस लागले. बाकी जखम बाविसाव्या दिवशी बंद झाली.

राजवाड्यावरून रंगपंचमीची गेर, रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुर्बीण पुन्हा आत गेली. डावी फळी तशीच, अचल. ती तशीच राहणार होती. पण तिच्याखाली सैल दोरी नव्हती, पांढरट, ताठ कड होती. मांसाचा फाजील कोंब नव्हता. एप्रिलमध्ये चालणं, मग दुडकी, मेच्या सुरुवातीला कँटर.

मेमध्ये फोन पुन्हा म्होरकीला बांधला, तेच मैदान, तीच दोरी, तितक्याच फेऱ्या. दोन्ही ध्वनिमुद्रणं आम्ही तिघांनी पागेच्या ओट्यावर बसून एकापाठोपाठ ऐकली. जानेवारीच्या मुद्रणात टापांच्या वर करवत होती. मेच्या मुद्रणात टापा होत्या आणि मागे दबकी फुंकर. दुडकीत काहीच नाही. काकांनी हट्टाने एकदा वेग वाढवला तेव्हा खरखर परत आली, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी, पण आली. दम मात्र होता तितकाच राहिला. उन्हात तिसऱ्या फेरीला तो आजही मंदावला असता, आता त्याला तिसरी फेरी नाही इतकंच. हे मी काकांना आधी सांगितलं होतं, तरी ते ऐकताना त्यांचा चेहरा थोडा उतरला आणि मलाही ते लागलं.

जुलैत एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. ओळखीतल्या एका गृहस्थांना मल्हार विकत हवा होता. घोडा देखणा, वागायला गरीब, आवाज नाही. त्यांना तो पोलोसाठी हवा होता. काकांनी मला विचारलं, “आता तर बरा आहे ना?” मुलांच्या शाळेसाठी बरा होता. पोलोसाठी तो बरा नव्हता, त्याची चौथी श्रेणी जिथल्या तिथेच होती. तिथे भरधाव पळवून वळवायचा, आणि अर्धं दार मिटलेलं. मी ते तसंच सांगितलं आणि लिहूनही दिलं. काकांनी घोड्याच्या वहीत शस्त्रक्रियेची तारीख, काय काढलं, काय तसंच ठेवलं, सगळं आपल्या हाताने उतरवलं. गिऱ्हाईक आले तेव्हा बोलण्याआधी काकांनी त्यांचा हात धरून मल्हारच्या गळ्याखाली नेला आणि केसांखालची व्रणाची रेघ त्यांच्या बोटाला लावून दिली. मग वही पुढे केली. गृहस्थांनी वाचली, दोन प्रश्न विचारले आणि शेजारची घोडी बघायला गेले.

मल्हार त्याच पागेत आहे. सहा महिन्यांनी एकदा दुर्बीण, भुशाऐवजी भिजवलेलं गवत, सकाळी नवशिक्यांच्या दोन तुकड्या. चंदीची बादली वाजली की खिंकाळतो. आवाज फाटकाच आहे. मामा म्हणतात आता त्यांना तोच ओळखीचा वाटतो.